भिंतीकडच्या दोन फांद्या

प्रश्न : गेल्या डिसेंबरात नर्सरीतून एक कुंडी आणली. पांढऱ्या पाकळ्यांची एकच ओळ, मधे पिवळं बटण. नर्सरीवाल्यानं ‘डेझी’ म्हणून दिली. जाऊबाई म्हणतात अ‍ॅस्टर आहे. सासूबाईंचं म्हणणं, पानं शेवंतीची दिसतात, पण शेवंतीला गोंडा असतो, हे काहीतरी रानटी आहे. जानेवारीत फुलं संपली, मी झाड तसंच ठेवलं. उन्हाळ्यात निम्मं वाळलं आणि पावसाळ्यात असं फुटलं की कुंडी दिसेना. आता नोव्हेंबर संपत आला. शेजारच्या काकूंनी याच झाडाची फांदी नेऊन परसात लावली होती, ती फुलांनी भरली आहे. माझ्याकडे नुसता पाला. गंमत म्हणजे भिंतीकडे झुकलेल्या दोन फांद्यांना मात्र कळ्या आल्यात. माती शेतातली काळी आहे. दर पंधरवड्याला चमचाभर युरिया देते. आमच्या गच्चीसमोरच रस्त्याचा खांब आहे. त्यावरचा जुना पिवळा दिवा उन्हाळ्यात बदलला, आता पांढरा लख्ख उजेड पडतो, रात्री गच्चीत बसायला छान वाटतं. हे झाड नक्की कुठलं? कळी का धरत नाही? पुढच्या वर्षी काय करू? आणि शेंडे खुडले की माझ्या बोटांना खाज सुटते, ती यामुळेच का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर :

ताई,

झाड शेवंतीचं आहे. त्याला खत कमी पडलेलं नाही, रात्र कमी पडली आहे. ज्या दोन फांद्यांबद्दल तुम्ही गंमत म्हणून लिहिलंत, त्यांनीच निदान करून ठेवलंय. एकच झाड, एकच मुळं, तीच माती, तोच युरिया. तरी दिव्याकडे पाठ असलेल्या फांद्यांना कळ्या आणि उजेडातल्या फांद्यांना पाला. दोष मातीचा किंवा पाण्याचा असता तर तो साऱ्या झाडाला लागला असता.

बाकीचं सवडीनं वाचा, पण आज संध्याकाळी एवढं करा. कुंडी उचलून अशा जागी ठेवा की तिथे दिवसा ऊन येईल आणि रात्री खांबाचा उजेड पोचणार नाही. युरिया थांबवा. आणि शेंडे खुडत असाल तर तेही आता बंद, कारण इथून पुढे खुडलेला प्रत्येक शेंडा म्हणजे खुडलेली कळी.

आता नावाचा घोळ. ‘डेझी’ हे नाव नर्सरीत पांढऱ्या पाकळ्या आणि पिवळं बटण असलेल्या कुठल्याही झाडाला चिकटवतात. तेव्हा फुलावर जाऊ नका, पान बघा. शेवंतीचं पान जाडसर, लांबट, कडेला खोल खाचा पडलेल्या आणि खाचांच्या टोकांना पुन्हा बारीक दाते. खालची बाजू वरच्यापेक्षा फिकट आणि बारीक लवेची. पान चुरडून हुंगा. चैत्रात जोतिबाला वाहतात त्या दवण्याच्या जवळपास जाणारा कडवट, कापरासारखा वास येईल. दवणाही याच सूर्यफूल कुळातला. वास आला की निम्मं काम झालं. मग बुडाशी बघा. खोड लाकडासारखं झालेलं असेल आणि मुळांजवळून बाजूला हिरवे फुटवे मातीतून वर आलेले दिसतील. शेतकरी त्यांना काश्या म्हणतात. जाऊबाईंच्या अ‍ॅस्टरला काश्या येत नाहीत. तो एका हंगामाचा गडी, बी धरलं की वाळला. तुमचं झाड उन्हाळा काढून पुन्हा फुटलं, तिथेच अ‍ॅस्टरचा निकाल लागला. तरीही त्यांची खात्री पटत नसेल तर भिंतीकडची फुलं वाळल्यावर एक बोंड मोडून दाखवा. अ‍ॅस्टरच्या बीला पांढऱ्या केसांचा झुबका असतो, शेवंतीच्या बीला तो नसतो. शिवाय अ‍ॅस्टरच्या फुलाखालची बाहेरची छदं, म्हणजे कळीला झाकणारी खवलं, हिरवी, छोट्या पानांसारखी पसरट असतात. शेवंतीची छदं मात्र कौलांसारखी एकमेकांवर बसलेली आणि कडेला कागदासारखी पातळ.

खरी शास्ता डेझी निराळी. तिचं पान लांबोळकं, कडेला नुसते दाते, खोल खाचा नाहीत आणि शेवंतीचा वासही नाही. ते थंड हवेचं झाड. पाचगणी-महाबळेश्वरकडे त्याचं बरं चालतं, सांगलीच्या एप्रिलमध्ये ते धापा टाकतं.

सासूबाईंचा आक्षेप मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यांनी पान बरोबर ओळखलं. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो मुळात शेकडो बारीक फुलांचा मेळावा असतो, वनस्पतिशास्त्रात त्याला स्तबक म्हणतात. कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हे एक अख्खं फूल, त्याला किरणपुष्पक म्हणायचं. मधल्या पिवळ्या बटणातला प्रत्येक ठिपका हेही एक फूल, ते बिंबपुष्पक. एकेरी शेवंतीत किरणपुष्पकांची एक-दोन वर्तुळंच असतात, म्हणून बटण उघडं दिसतं. माणसानं निवड करत करत किरणपुष्पकं वाढवली, बटण झाकून गेलं आणि गोंडा तयार झाला. आपल्या बाजारातली राजा, झिप्री, रेवडी आणि तुमची एकेरी, सगळ्या एकाच जातीच्या, क्रिसँथेमम मोरिफोलियमच्या. काही पुस्तकांत आणि नर्सरीच्या पाटीवर डेंड्रँथेमा असं नाव आढळेल, तेही हेच झाड. मधल्या काळात शास्त्रज्ञांनी नाव बदललं होतं, १९९९मध्ये जुनं नाव परत आलं. रानटी काही नाही, हे सासूबाईंना खुशाल सांगा.

आता रात्रीचा विषय. शेवंती हे आखूड दिवसाचं झाड. दिवस लांब असेपर्यंत ती पाला आणि फांद्या वाढवते, रात्री पुरेशा लांबल्या की शेंड्यात पानाऐवजी कळी घडवायला घेते. वनस्पतींना दिवसाची लांबी कळते हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२०मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरच्या कामातून दाखवलं. पुढे १९३०च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी हेच शेवंतीवर तपासलं. झाडाच्या पानांना आखूड दिवस दिला आणि शेंड्याला लांब, तरी कळी धरली. उलट केलं तर धरली नाही. म्हणजे रात्र मोजतं ते पान, आणि निरोप शेंड्याला जातो. तुमच्या भिंतीकडच्या फांद्यांच्या पानांनी पुरेसा अंधार मोजला, त्यांच्या शेंड्यांना निरोप मिळाला. बाकीच्यांच्या लेखी अजून जून महिना चालू आहे.

सांगलीत वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सुमारे १३ तासांचा आणि सगळ्यात लहान सुमारे ११ तासांचा. एवढ्या दोन तासांच्या फरकावर या झाडाचं सगळं वेळापत्रक चालतं. साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात कळी घडायला सुरुवात होते आणि वाणाप्रमाणे नोव्हेंबर ते जानेवारीत फूल उघडतं. या हिशेबात रात्रीचा दिवा शिरला की बेरीज चुकते. संध्याकाळी लागून सकाळी विझणारा दिवा म्हणजे शेवंतीला बारमाही उन्हाळा. परदेशी फुलशेतीत आणि आपल्याकडच्या हरितगृहांत हाच गुण मुद्दाम वापरतात. दांडा हव्या त्या उंचीचा होईपर्यंत रात्री दिवे लावून कळी थोपवतात. ते सलग लावायचीही गरज नसते. दर अर्ध्या तासात काही मिनिटं उजेड पडला तरी पुरतो. म्हणून माणूस आला की आपोआप लागणारा दिवा कुंडीवर असेल आणि रस्ता वर्दळीचा असेल, तर तोही बाधतो.

जुना पिवळा दिवा असताना फुललं आणि आता नाही, यात रंगापेक्षा उजेड किती पोचतो याचा वाटा मोठा असावा. गच्ची पहिल्या मजल्यावरची असेल तर ती जवळजवळ दिव्याच्याच उंचीवर. तुमची जागा तपासायला उपकरण नको. रात्री दहाला कुंडीपाशी उभं राहून वर्तमानपत्राचा बारीक मजकूर वाचता आला, तर तो उजेड शेवंतीसाठी दिवसच आहे. नुसते मथळे वाचता आले तर जागा संशयाची. चांदण्याचं भय नाही. आकाशकंदिलाचं आहे! तो दिवाळीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रात्रभर कुंडीच्या डोक्यावर लोंबत असेल तर कळ्या रेंगाळतात. लक्ष्मीपूजनाच्या दोन-चार रात्रींच्या माळांनी, कळ्या आधीच धरल्या असतील तर, काही बिघडत नाही. काकूंची फांदी परसात फुलली, कारण परसात खांब नाही.

कुंडी हलवणं जमत नसेल तर झाकण हा उपाय आहे, पण तो रोज करावा लागतो. फ्रीजचं किंवा वॉशिंग मशीनचं मोठं खोकं उलटं घाला, किंवा चार काठ्या रोवून त्यावर दुहेरी काळं कापड टाका. संध्याकाळी सहाला झाकायचं, सकाळी सातला काढायचं. सलग तेरा तास. खोक्याखाली एका बाजूला, दिव्याच्या विरुद्ध दिशेला, विटेचा तुकडा सरकवून बोटभर फट ठेवा म्हणजे हवा खेळेल. काळं प्लॅस्टिक थेट झाडावर गुंडाळू नका. आत घाम धरतो आणि भुरी, करपा हे दोन्ही बुरशीरोग हजर होतात. सुरुवातीच्या तीन-चार आठवड्यांत खाडे पडले तर मेहनत वाया जाते. कळ्या वाटाण्याएवढ्या होऊन त्यांतून पांढरा रंग डोकावला की झाकणं सोडून दिलं तरी चालतं. अर्धं झाड झाकू नका. कारण वर सांगितलंच, मोजणारी पानं आहेत, झाकलेल्या पानांपुरतीच कळी येईल.

अंधार मिळायला लागल्यापासून फूल उघडेपर्यंत वाणानुसार साधारण आठ ते दहा आठवडे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कुंडी हलवलीत तर शेंड्यात बारीक हिरवी गाठ जानेवारीच्या सुरुवातीला दिसेल आणि फुलं फेब्रुवारीत. हंगाम उशिराचा, पण वाया गेलेला नाही. रात्री मार्चपर्यंत पुरेशा लांब असतात.

युरियाबद्दल. एकट्या युरियानं कळी अडली नसती, पण त्यानं पाला आणखी माजवला. नत्र जास्त झालं की पानं गडद, मऊ आणि मोठी होतात, दांडे लुसलुशीत होतात आणि मावा ही रस शोषणारी कीड त्यांच्यावर तुटून पडते. आता एकदा कुंडीतून भरपूर पाणी वाहू द्या. दहा इंची कुंडीला तीन-चार लिटर, सावकाश, तळाच्या भोकातून निघून जाईल असं. त्यानंतर ०:५२:३४ (नत्र शून्य, स्फुरद ५२ टक्के, पालाश ३४ टक्के) हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, कुंडीला अर्धा लिटर. पाच लिटर पाण्याला चहाचा एक सपाट चमचा हे माप चालेल. कळीत रंग दिसला की सगळी खतं बंद, नाहीतर पाकळ्या लवकर मऊ पडून काळवंडतात. हे खत विकत आणायला जाऊ नका. एक किलोची पिशवी तुम्हाला जन्मभर पुरेल. सांगली जिल्ह्यात द्राक्षबाग असलेला पाहुणा कुणाला नाही? वाटीभर मागून आणा.

मातीची चूक मोठी आहे, ती आत्ता दुरुस्त करायची नाही. कळ्या धरताना मुळं हलवली तर झाड रुसतं. फुलं झाल्यावर करा. कृष्णाकाठची काळी माती शेतात सोनं, कुंडीत मात्र चिखलाचा गोळा. ओली असताना तिच्यात हवा राहत नाही, मुळं गुदमरून कुजतात. वाळली की ती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं. बाईला वाटतं पाणी भरपूर दिलं, आणि मधला गोळा कोरडा ठणठणीत. उन्हाळ्यात तुमचं निम्मं झाड वाळलं त्यात उन्हाबरोबर याचाही हात असणार.

शेवंतीला पाणी झपाट्यानं निचरणारी, तरी ओल धरणारी माती लागते. दोन भाग लाल किंवा पोयट्याची माती, दोन भाग पूर्ण मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू. वाळू मिळत नसेल तर विटेचा बाजरीएवढा चुरा चालतो. दहा इंची कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड आणि दोन चमचे हाडांचं खत मिसळा. साखर कारखान्याची मळी, म्हणजे उसाच्या रसातून निघालेला गाळ (प्रेसमड), आपल्याकडे सहज मिळते, पण ती ओळखून घ्या. हात घातल्यावर गरम लागली किंवा आंबूस वास आला तर ती अजून कुजतेय, मुळं भाजेल. गार, काळपट आणि मातीच्या वासाची झालेली मळी शेणखताच्या निम्म्या भागाऐवजी वापरता येते. बोअरचं पाणी देत असाल आणि कुंडीच्या काठावर पांढरी पूड साचत असेल तर क्षार वाढताहेत. महिन्यातून एकदा नळाच्या किंवा पावसाच्या पाण्यानं वर सांगितल्यासारखी कुंडी धुवून काढा. पानांच्या कडा करपून तपकिरी होतात ते बहुतेकदा यामुळेच, आणि लोक त्यावर बुरशीनाशक मारत बसतात.

आता पुढच्या वर्षीचं. जुनं झाड तसंच वर्षानुवर्षं ठेवायचं नाही, ही शेवंतीतली पहिली शिस्त. बूड लाकूड होतं, काश्यांची गर्दी होते, कुंडी मुळांनी ठासून भरते, आणि मग फुलं कडेला चार आणि मधे काड्या असा प्रकार. दरवर्षी नवं झाड करायचं, जुनं फक्त आई म्हणून सांभाळायचं.

फुलं संपली की झाड मातीपासून वीतभर ठेवून छाटा. मार्च ते मे ही आई-कुंडी अशा जागी ठेवा की सकाळी नऊ-दहापर्यंत ऊन आणि मग सावली. या काळात तिच्याकडून फुलाची अपेक्षा नाही, तिनं फक्त जगायचं आहे. पेरभर बोट मातीत घालून कोरडं लागलं तरच पाणी, पण एप्रिल-मेमध्ये ते रोज लागेलच. शेतकरी एप्रिल-मेमध्ये थेट काश्या लावतात. कुंडीसाठी पावसाळ्याच्या तोंडावर शेंड्याची छाट घेणं जास्त चांगलं. झाड आटोपशीर राहतं आणि मुळांतून येणारे रोग मागेच राहतात.

वेळ धरायला सण उपयोगाचे नाहीत. बेंदूर, गौरी-गणपती तिथीनं मागेपुढे सरकतात, शेवंती सूर्यावर चालते. पावसाची नक्षत्रं मात्र सूर्याचीच, म्हणून ती इथे चपखल बसतात. आर्द्रा लागली की, म्हणजे २२ जूनच्या सुमारास, छाट घ्या. कळी नसलेल्या, हिरव्या, वाकवल्यावर कट्कन मोडणाऱ्या शेंड्याचा तीन इंचांचा तुकडा, पेराच्या अगदी खाली ब्लेडनं तिरपा कापायचा. कात्रीनं दांडा चेपतो. खालची पानं काढून वर तीन-चार ठेवा. खालचं टोक मूळ फुटण्याच्या पावडरीत टेकवलं तर मुळं एकसारखी येतात, नाही टेकवलं तरी शेवंती हटून बसत नाही. भिजवलेला कोकोपीट आणि वाळू निम्मी-निम्मी, त्यात काडीनं आधी भोक पाडून छाट इंचभर खोल बसवा. नुसती खुपसली तर साल सोलते. उजेडाची सावली, दिवसातून दोनदा पाण्याचा हलका फवारा. दोन ते तीन आठवड्यांत मुळं येतात. ओढून बघायचा मोह आवरा. शेंड्याला नवं पान दिसलं की खाली मूळ आलेलं असतं. छाट सडली तर कारण जवळजवळ नेहमी एकच, माती पाण्यानं थबथबलेली. आठ-दहा छाटी लावा म्हणजे पाच-सहा हाताशी येतील. सांगलीचा पाऊस बेताचा; पण कराड-पाटणकडचे वाचक हे करत असतील तर त्यांनी छाटी वळचणीखालीच ठेवाव्यात.

मुळं धरलेली छाट आधी चार इंची पिशवीत, तिथे मूळ भरलं की दहा इंची कुंडीत. थेट मोठ्या कुंडीत लावली तर न वापरलेली ओली माती आंबते.

मग खुडणी, आणि शेवंतीचं सगळं रूप इथे ठरतं. न खुडलेलं झाड एकच उंच काठी होऊन पडतं. रोप वीतभर झालं, सहा-सात पानं आली की शेंड्याचा इंचभर भाग नखानं खुडा. खालून तीन-चार फांद्या फुटतील. त्या चार इंचांच्या झाल्या की त्यांचेही शेंडे खुडा. आता दहा-बारा फांद्या होतील, घरच्या कुंडीला तेवढ्या बस्स. शेवटची खुडणी मघा संपून पूर्वा लागायच्या आत, म्हणजे ३१ ऑगस्टपर्यंत. त्यानंतर एकही शेंडा तोडायचा नाही. दसऱ्याच्या सफाईत झाड ‘नीट’ करण्यासाठी कात्री फिरवली आणि मग फूल नाही, ही या झाडाबाबतची नेहमीची तक्रार. दिव्याच्या खालोखाल तिचाच नंबर.

पहिल्या खुडणीपासून ऑगस्टअखेरपर्यंत १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम, आठवड्याला. सप्टेंबरपासून ०:५२:३४. ऊन पाच-सहा तास हवंच. आणि पूर्वा नक्षत्रापासून कुंडी रात्रीच्या अंधारात. फांद्या लांबायला लागल्या की बांबूच्या तीन काड्या कडेनं रोवून सुतळीनं वळसा घ्या, कळ्यांचं वजन आल्यावर बांधायला गेलात तर दांडे बुडातून निसटतात. तुमच्या एकेरी वाणाला फांदीच्या टोकावरची मधली कळी सगळ्यात आधी मोठी होते. ती वाटाण्याएवढी व्हायच्या आत काढून टाका, बाजूच्या पाच-सहा एकदम उघडून गुच्छ भरतो. गोंड्याच्या मोठ्या फुलासाठी याच्या उलट करायचं. मधली ठेवायची, बाजूच्या काढायच्या.

रोग-किडीचं थोडक्यात. परतीच्या पावसात खालच्या पानांवर काळपट तपकिरी ठिपके पडून ती वाळत वर सरकतात, तो करपा. ती पानं काढून जाळा, पाणी पानांवर न घालता बुडाशी घाला, कुंड्यांत हातभर अंतर ठेवा. तरी वाढला तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम, डब्यावरच्या सूचना वाचून. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा आला तर नळीच्या पाण्याच्या जोरानं झटकून टाका आणि संध्याकाळी कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, दोन-चार थेंब भांड्यांच्या साबणाचे घालून. पानांवर नागमोडी पांढऱ्या रेघा दिसल्या तर नागअळी, पान तोडून चुरडा, फवारू नका. शेवंती लावली की किडे येत नाहीत असं कुणी सांगितलं तर हसून सोडा. ज्या फुलांपासून कीटकनाशक पायरेथ्रम काढतात ते याच कुळातलं वेगळं झाड.

राहिली खाज. होय, ती शेवंतीचीच असू शकते. पानांवरच्या बारीक लवेत आणि रसात असलेले घटक काहींच्या कातडीला सोसत नाहीत. याच कुळातल्या गाजर गवतातही त्याच जातीचे घटक असतात, त्यामुळे ज्यांना गाजर गवताची बाधा आहे त्यांना बऱ्याचदा शेवंतीही बाधते. शेतात भांगलायला गेल्यावर तुम्हाला किंवा घरात कुणाला मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या वळणात लाली येते का, हे आठवून बघा. येत असेल तर खुडणी, छाटणी रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालूनच करा, काम झालं की आधी हात साबणानं धुवा, तोवर चेहऱ्याला लावू नका. पुरळ उठत असेल, पापण्या सुजत असतील तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा आणि दोन्ही झाडांची नावं सांगा.

गाजर गवताचा विषय निघालाच आहे तर एक खबरदारी. १९५५मध्ये पुण्यात पहिल्यांदा ध्यानात आलेलं हे तण आता प्रत्येक कुंडीत उगवतं, आणि त्याचं कोवळं रोप शेवंतीच्या काशीसारखं दिसतं. काकूंकडून काश्या आणाल तेव्हा एकेक तपासून घ्या. गाजर गवताचं पान पातळ, कोथिंबिरीसारखं दुहेरी चिरलेलं असतं, कोवळं रोप जमिनीला चपटं पसरतं, आणि उपटलं तर सरळ सोटमूळ एकटंच वर येतं. शेवंतीचं पान जाड, एकदाच चिरलेलं. काशी उपटताना तिचा पांढरा दोर आईच्या बुडाकडे जाताना दिसतो. शंका आली तर मोजे घालूनच चुरडा. कापराचा वास आला नाही तर ते रोप कुंडीत जाऊ देऊ नका, फूल यायच्या आत बादलीत बुडवून कुजवा.